चार सिलिंडरचं घर

माझी बायको मला सोडून अकोल्याला भावाकडे गेली, तेव्हा तिने भांडण केलं नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो. आवाज कुठे चढवायचा, डोळ्यांत पाणी कुठे आणायचं, पागोटं जमिनीवर कधी आपटायचं, हे सगळं मला गणेशोत्सवातल्या नाटकांनी शिकवलं होतं, आणि अमरावतीच्या फळबाजारात माझ्यासमोर टिकेल असा माणूस नव्हता. तिने नुसतं ट्रंकेला कुलूप लावलं आणि म्हणाली, "त्या झोपडीत मी आता पाय ठेवनार नाई. खाली लाकडाची जमीन, दाराले आतून कडी, अन् चाकं. तिन्ही झालं की न्यायले या. नाई झालं तर नका येऊ."

"चाकं?" मी म्हणालो. "घराले चाकं कुठी असतात?"

"मंग नका येऊ."

आमचा धंदा सांगायला हवा, म्हणजे चाकांचं कोडं सुटेल. आम्ही माळी. संत्र्याचा बहार झाडावरच विकत घ्यायचा, आणि फळ पिकून उतरेपर्यंत बागेतच मुक्काम करायचा, ही आमची रीत. बाग दुसऱ्याची, फळ आमचं, आणि वानरं, पोपट, चोर हे सगळे त्या फळाचे भागीदार. म्हणून दरवर्षी चार महिने बायकोसकट गवताच्या झोपडीत राहायचं. माझी बाग शेंदूरजना घाटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, टेकाडावर होती. फळ असं की हातात घेतल्यावर माणूस भावाला विसरेल.

त्या झोपडीत राहत असताना आमची मुलगी गेली. सात महिन्यांची होती. दुपारी ताप चढला. बागेतली एकुलती बैलबंडी खत आणायला गेलेली. मी तिला खांद्यावर टाकून उतरलो, नाला ओलांडला, सडकेवर आलो आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीपुढे हात जोडून उभा राहिलो. तीन गाड्या थांबल्या नाहीत. चौथी थांबली तेव्हा थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. यापेक्षा जास्त मी कधी कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

तर चाकं.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या शेपटीला बांधलेला. साहेब नागपूरला, कापूस मुंबईला, आणि आम्ही आपले धुळीत. पण मोटारी आल्या होत्या. नवी लॉरी घेणं म्हणजे आमच्यासारख्याने हत्ती पाळणं. पण जुन्या लॉऱ्या अकोल्यात मिळायच्या, आणि एका मिस्त्रीच्या आवारात दोन अशा उभ्या आहेत की ज्यांच्या पाठीवर खोली बांधलेली आहे, अशी खबर माझ्या मेव्हण्यानेच पाठवली. मेव्हण्याचं अकोल्यात फुलांचं दुकान. बहिणीवर त्याचा जीव होता, पण तीन महिने झाले तरी बहीण घरातून हलत नव्हती, आणि त्याच्या बायकोने आता भांडी जरा जोरात ठेवायला सुरुवात केली होती.

"भाऊजी, काही करा," स्टेशनवर त्याचं पहिलं वाक्य. "माह्या घरात आता दोन बाया हायेत अन् एकच चूल हाय."

"तिनं काही निरोप देल्ला?"

"देल्ला ना. म्हने, डबा खाऊन जा म्हना. अन् घरात येऊ नका म्हना."

मी तो डबा मिस्त्रीच्या आवारात, एका टायरवर बसून खाल्ला. वांग्याची भाजी होती, माझ्या आवडीची. घास गिळताना मला इतकी आशा वाटली, आणि लगेच इतकी भीती वाटली, की मिस्त्रीने पाण्याचा गडवा पुढे केला.

आवारात दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. उजवीकडची सहा सिलिंडरची. एका जंगल ठेकेदाराने मेळघाटात फिरायला बांधून घेतलेली. सागवानी खोली, पितळी कड्या, आणि पुढे रेल्वेच्या इंजिनासारखं लांब नाक. डावीकडची चार सिलिंडरची. दंतमंजन विकणाऱ्या एका फिरत्या वैद्याची. चांदूर रेल्वेच्या बाजारात मी स्वतः ती पाहिली होती. तिच्या दोन्ही अंगांवर मोठाले उघडे जबडे रंगवलेले. एका बाजूला मंजनाआधीचे दात, दुसऱ्या बाजूला मंजनानंतरचे.

"बहिनीले तुमी दातात ठेवता का, भाऊजी?" मेव्हणा म्हणाला.

"रंग खरडता येतो."

"अन् मंजनाआधीची बाजू कोनाच्या घराकडं करून लावान?"

मिस्त्री खुदुखुदु हसला. वयस्क मुसलमान, दाढीला मेंदी, आणि बोटांत ग्रीस असं मुरलेलं की ते जन्माचंच वाटावं. त्याला सहाची गाडी विकायची होती, हे त्याने लपवलं नाही. "शेटजी, घोडा घ्या. गधा काहून घेऊन राहिले? ही सहाची पहाड चढते. ती चारची सपाटीची रानी हाय. भातकुलीपर्यंत न्या, दर्यापूरपर्यंत न्या, नाचत जाईन. पहाड दिसला की तिचं पोट दुखते."

"पेट्रोल किती पिते?"

"ही? पिते. खोटं नाई सांगत. चारची चिमनीसारखी पिते, ही म्हशीसारखी."

पण माझं मन पेट्रोलवर अडलं नव्हतं. सहाच्या इंजिनाचं नाक इतकं लांब की मागे खोलीला जागाच थोडी उरली होती. मी आत जाऊन आडवा झालो तर डोकं एका फळीला आणि पाय दुसरीला. चारचं नाक आखूड, म्हणून मागे चांगली नऊ फुटांची खोली. दोन माणसं आडवी होतील, चूल मांडता येईल, एक खिडकी, आणि दाराला आतून कडी. त्या दाराशी उभा राहून मी कडी घातली, काढली, पुन्हा घातली. तीनपैकी तिन्ही मिळालं होतं. मला तिथेच उतरून अकोल्याच्या रस्त्यातून ओरडत जावंसं वाटलं.

"वजन किती राहीन?" मिस्त्रीने विचारलं.

"बारा हजार."

"बारा हजार काय?"

"संत्री."

"अजी, मी वजन इचारून राहिलो. मन किती?"

मी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या आजोबांनी संत्री विकली, बापाने विकली, मी विकत होतो, आणि आमच्यापैकी कोणीही आयुष्यात एक संत्रं तोललं नव्हतं. आम्ही मोजतो. दोन या हातात, तीन त्या हातात, पाच फळांचा एक हात, असे वीस हात म्हणजे शेकडा. डोळे मिटून, गप्पा मारत, भांडत आम्ही हजारो फळं मोजू शकतो. पण तराजू आमच्या घरात फक्त हळदीसाठी.

मेव्हणा धावत जाऊन दुकानातला काटा घेऊन आला. तो फुलांचा काटा. मोगरा तोलायचा, वजनं तोळ्यांची. बाजारातून एक संत्रं आणलं, मागल्या बहाराचं, सुकलेलं. ते काट्यावर ठेवलं तर दुसऱ्या पारड्यात मेव्हण्याची सगळी वजनं ठेवूनही भागेना. शेवटी त्याने खिशातला अडकित्ता टाकला. मिस्त्री पोट धरून हसत होता. मग अडकित्त्याचं वजन काढण्यासाठी शेजारच्या सोनाराकडे जावं लागलं. सोनाराला वाटलं आम्ही अडकित्ता गहाण ठेवायला आलो. अखेर हिशेब लागला. फळ नऊ तोळ्यांचं. बारा हजार फळांचे चौतीस मण.

"चौतीस?" मिस्त्रीने मान हलवली. "एवढं ते चारची नेईन. पन चढ किती हाय?"

आता खरं सांगतो. चढ मला माहीत होता. त्या चढावर मी मुलीला घेऊन धावलो होतो. पण बैलांमागून चालणाऱ्या माणसाला चढ म्हणजे बैलाचं काम वाटतं. शिवाय नऊ फुटांची खोली माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, आणि खोलीच्या दारात बायको उभी होती.

"थोडा हाय," मी म्हणालो.

"थोडा म्हंजे?"

"म्हंजे थोडासा."

दुसऱ्या दिवशी ती आली. मला वाटलं डबा घेऊन आली. डबा होताच, पण तो तिने मेव्हण्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे न पाहता दोन्ही गाड्यांभोवती फिरली. मी मागून बोलत होतो. खिडकी कशी पूर्वेकडे येईल, फळीवर गादी कशी बसेल, दातांवर मी कसा निळा रंग देईन. नाटकात माझं सर्वांत लांब भाषण होतं ते रामराज्याचं. त्यापेक्षा हे लांब झालं.

"हे सुरू कसं होते?" तिने मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्री आनंदला. "सहाची पाहा, बाई. हिले सेल्फ हाय. बटन दाबलं की सुरू." त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. बॅटरी मेलेली होती. मग हँडल आणलं. मिस्त्री आणि त्याचा फिटर दोघांनी मिळून हँडल मारलं. एकदा, दोनदा, सातव्या वेळी इंजिन खोकून उठलं. उठल्यावर मात्र आवाज असा गुळगुळीत की बाजाची पेटी लावलीय.

"अन् हे?"

चारचं हँडल मिस्त्रीने एका हाताने मारलं. पहिल्याच झटक्यात गाडी थडथडायला लागली. पत्रे वाजत होते, जबडे हलत होते.

"बंद करा," ती म्हणाली. मिस्त्रीने बंद केली. ती पुढे झाली, पदर कमरेला खोचला आणि हँडल धरलं. आवारातली माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. मेव्हणा डबा घेऊन तसाच उभा.

"अगं, तू?" मी.

"बाई, अंगठा!" मिस्त्री ओरडला. "अंगठा बोटांच्या बाजूनं ठेवा. वरून धरला तर हँडल उलटं येते, अंगठा मोडते. हां. आता खालून वर झटका. दाबायचं नाई, झटका."

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी गाडी सुरू झाली. ती हात झटकत मागे सरली, थरथरणाऱ्या बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुमी बागेत असान," ती म्हणाली, "अन् मी एकटी असीन. मले कोनापुढं हात जोडाचे नाईत."

मला बोलता येत नव्हतं, ही गोष्ट मेव्हणा अजून लोकांना सांगतो.

त्यानंतर ती मिस्त्रीशी बाजूला जाऊन दोन मिनिटं काहीतरी बोलली. मी दातांचा रंग खरडून पाहत होतो. परत आली आणि म्हणाली, "चारचं घ्या."

आठ दिवसांनी आम्ही निघालो. मला चालवता येत नव्हतं, म्हणून पहिल्या खेपेला मिस्त्रीच चालवायला बसला. मेव्हणाही आला, पोचवून देतो म्हणून. अकोल्याहून मूर्तिजापूर, अमरावती, मोर्शी, वरूड, सगळा रस्ता गाडी गाणं म्हणत आली. खरडूनही मंजनाआधीचे दोन दात उरले होते, आणि गावोगावची माणसं आम्हाला थांबवून मंजन मागत होती. अमरावतीला घरी थांबून आम्ही सामान भरलं. जातं. पाटा-वरवंटा. गव्हाची दोन पोती. पितळेचं घंगाळ. ट्रंका. लोखंडी खाट, जी तिच्या बापाने दिली होती. मी संत्री तोलली होती. संसार तोलायचं मला सुचलंच नव्हतं.

नाला कोरडा होता, तो ओलांडला. आणि समोर चढ आला.

मिस्त्रीने गाडी थांबवली, खाली उतरला, चढाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा थोडासा?"

पहिल्या झेपेत गाडी वीस पावलं चढली आणि मेली. मेव्हण्याने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. दुसऱ्या झेपेत पंधरा. सामान उतरवलं, जातं रस्त्याच्या कडेला ठेवलं, पोती ठेवली, खाट उभी केली. रिकामी गाडी तीस पावलं चढली, आणि मग पेट्रोलच इंजिनापर्यंत पोचेना. टाकी सीटखाली. चढावर इंजिन वर जातं, टाकी खाली राहते.

"उलटी चढवतो," मिस्त्री म्हणाला.

मला वाटलं तो रागाने बोलतोय. पण त्याने खरंच गाडी वळवली. पाठ डोंगराकडे, नाक नाल्याकडे, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली. आणि मागच्या मागे तो चढवू लागला. मी पुढून बॉनेट ढकलत होतो, मेव्हणा माझ्या कमरेला ढकलत होता, उरलेले दोन दात माझ्या डोळ्यांसमोर हिंदकळत होते. मी रडत होतो. खरं रडणं. त्यात नाटक नव्हतं, म्हणून ते मला नीट जमतही नव्हतं. "एक डाव," मी इंजिनाला सांगत होतो, "फक्त एक डाव चढ, माय."

अर्ध्यावर ब्रेक सुटला. गाडी आमच्यावर यायला लागली. मेव्हण्याने मला हाताला धरून बाजूला ओढलं, मिस्त्री आतून ओरडत होता, आणि तेवढ्यात ठक्क असा आवाज होऊन गाडी थांबली. पुढच्या चाकाखाली पाटा होता. वाटण वाटायचा, दगडी. बायको त्याच्या बाजूला वाकून उभी होती, हात काळे, श्वास लागलेला.

"माहा पाटा फुटला," ती म्हणाली.

मिस्त्री उतरला, पागोटं काढून घाम पुसला आणि चाकाजवळ बसला. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. "मिस्त्री, बदलून द्या. सहाची द्या. वर काय लागन ते देतो. उद्या द्या."

त्याने मान हलवली. "शेटजी, देईन. पन बाईले इचारा. बाईनं मले त्या दिवशीच इचारलं होतं."

"काय?"

"म्हने, असा असा चढ हाय, नाल्यापासून बागेतल्या आंब्यापर्यंत, चारची चढन का? मी म्हनलं, नाई चढनार. तं म्हने, मंग हेच द्या."

मेव्हणा हळूच गाडीमागे गेला. बायको पाट्याचे तुकडे उचलत होती. तिने तुकडा तुकड्याला जोडून पाहिला आणि खाली ठेवला.

"गाडी खाली लावा," ती मिस्त्रीला म्हणाली. "नाल्याच्या अल्याड, सडकेवर. तोंड वरूडकडं करून." मग मला, "तुमची बाग वर हाय. जा. रखवाली करा. जेवन मी धाडीन."

मी वर गेलो. दुसरं काय करणार? बाग घेतलेली, फळ धरलेलं, वानरं वाट पाहत असलेली. झाडं वाकली होती. तसलं फळ मी त्यानंतर पाहिलं नाही. झोपडी मालकाने नव्या गवताने शाकारून ठेवली होती, दार चांगलं होतं. आत शिरलो. कमरेएवढ्या उंचीवर दोन खांबांत आडवा बांबू होता, आणि त्याला सुतळीचे दोन वेढे अजून होते. पाळणा सोडला, पण वेढे कोणी सोडले नव्हते. मी ते सोडायला हात वर केला. गाठ तिची होती, घट्ट, आणि मला ती सुटेना. मी खूप वेळ प्रयत्न केला. नखं दुखायला लागली.

मी तिला ही झोपडी दुसऱ्या वर्षीही दाखवणार होतो. फळ चांगलं म्हणून. खाली लाकडाची जमीन देऊन, दाराला कडी देऊन, चाकं देऊन शेवटी इथेच आणणार होतो.

ऊन कलत होतं तेव्हा मी खाली आलो. गाडी सडकेवर उभी होती, तोंड वरूडकडे. मिस्त्री आणि मेव्हणा झाडाखाली बिड्या ओढत बसले होते. मला पाहून मिस्त्रीने चक्क दुसरीकडे पाहिलं. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर, पाय अधांतरी.

तो बहार मी पुढच्या आठवड्यात वरूडच्या एका व्यापाऱ्याला झाडावरच दिला, आणि त्यानंतर आयुष्यभर सडकेला लागून असलेल्या बागाच घेतल्या. सडकेकाठची फळं धुळीची, जाड सालीची. बाजारात लोक मला धूळशेट म्हणायचे आणि मी वाकून मुजरा करायचो. पण हे पुढचं. त्या संध्याकाळी माझ्याजवळ फक्त एक वळकटी होती, वर ठेवायला नेलेली आणि तशीच परत आणलेली.

तिने ती पाहिली. सूप थांबलं नाही.

"राहता का जाता?" तिने विचारलं.

"राहतो."

"बाग?"

"बाग नाई."

तिने एक खडा वेचून रस्त्यावर टाकला, मग दुसरा. मी दोन्ही हातांत वळकटी धरून उभा. मला एकही वाक्य आठवत नव्हतं, ना नाटकातलं, ना बाजारातलं.

"मंग पाय धुऊन या," ती म्हणाली, आणि मला वाट द्यायला दारात जरा सरकली. "फळी आताच सारवल्यावानी पुसली हाय."